आमची वाटचाल : कोंडा, बुरशी आणि नाल्याचं पाणी

एन्झाइम, म्हणजे स्टार्चसारखे पदार्थ तोडणारी जिवाणू-बुरशीची प्रथिनं, वापरणाऱ्याचं पाणी, वीज, रसायन किती वाचलं याचे तक्ते या धंद्यात सगळेच दाखवतात. एन्झाइम बनवताना नाल्यात काय सोडलं, ते कोणी छापत नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या युनिटने पहिल्यापासून हा दुसरा हिशेब ठेवला, आणि तरी नाल्याच्या पाण्यावरूनच आमचं कुलूप लागलं.

भागीदारी माझी आणि माझ्या चुलतभावाची. गाव त्याला भाऊच म्हणतं. तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला, माझं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेलं. टाकीतलं फर्मेंटेशन, म्हणजे पातळ द्रावणात वाढवणं, नको, ओल्या कोंड्याच्या ट्रेवरच बुरशी वाढवू, हा निर्णय त्याचा. जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत ज्या डायस्टेजचं (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं) पेटंट घेतलं, तेही गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीचंच होतं, हे तो प्रत्येक नव्या कामगाराला सांगतो. टाकीत माल पातळ असतो. तो वेगळा काढायला पाणी आणि वीज लागते, पुष्कळ ठिकाणी अमोनियम सल्फेटही लागतं, आणि उरलेलं पाणी साखर, प्रथिनं, नायट्रोजन घेऊन बाहेर पडतं. ट्रेत पाणी कोंड्यातच मुरलेलं असतं.

ओल मुठीनेच ओळखायची. दाबल्यावर कोंड्याचा गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून थेंब निथळता कामा नये. थर दीड इंचाच्या वर नेऊ नका, मधला कोंडा तापतो आणि बुरशीची वाढ खुंटते. बाहेर ४५ अंश असताना आमची खोली वाळ्याच्या ताट्या आणि कूलरवर तिशीच्या आसपास राहते. कोरड्या हवेमुळे गारवा आणि ओल दोन्ही एकदमच मिळतात. नवीन मुलांनी एसीच्या कोटेशनवर सही करण्याआधी हे एकदा येऊन बघावं.

निसर्गावरचा खरा भार वाफेचा, विजेचा आणि कच्च्या मालामागच्या शेतीचा. कोंडा गिरणीतून उरलेला. बॉयलरला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या ब्रिकेट, नाहीतर ती पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवलीच जाते. एन्झाइम आम्ही कोंडा पाण्याने धुऊन काढतो, त्यातलं तिसरं धुवण पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरतो. चोथा वाफेवर मारूनच खताच्या ढिगावर जातो, जिवंत बुरशी गेटाबाहेर जात नाही. पावडर आम्ही करत नाही. एन्झाइमची धूळ छातीत गेली की दमा लागतो, आणि कामगाराच्या फुफ्फुसाचा हिशेब कोणत्याच तक्त्यात येत नाही.

मग नाल्याच्या वरच्या अंगाला टाकीवाला कारखाना आला. सांडपाण्याच्या प्रक्रियेवर खर्च नाही, म्हणून भाव आमच्यापेक्षा बराच खाली. व्यापारी तिकडे वळले. उन्हाळ्याच्या तोंडावर नाल्याला फेस आला, वास सुटला, गुरं पाण्याला तोंड लावेनात. गावाला माहीत असलेली फॅक्टरी एकच, आमची. नमुना घेतला तो आमच्या आउटलेटचा नव्हे, दोन्ही कारखान्यांच्या खालच्या नाल्यातला. त्यावर नोटीस निघाली आणि वीज कापली गेली. ज्यांच्या शेतात आमचं खत पडलं होतं, तेही मोर्चात होते. हे मला आजही खुपतं.

बँकेचे हप्ते थकले. ट्रे रिकामे, बॉयलर थंड. मदर कल्चरचे स्लँट, म्हणजे मूळ बुरशी वाढवलेल्या नळ्या, भाऊने वहिनीच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवले आणि वेळच्या वेळी नव्या माध्यमावर उतरवून जिवंत राखले. ते गेले असते तर आज हे लिहायला काही उरलं नसतं.

त्या काळात फोन करत राहिले ते फक्त इचलकरंजीचे आप्पा. त्यांच्या प्रोसेस हाउसला कापडावरची स्टार्चची खळ काढायला आमचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) जायचं. त्यांनी दुसऱ्याचा माल घेऊन पाहिला, धुतलेल्या कापडावर आयोडीनचा थेंब टाकला, तो निळा झाला. स्टार्च तसाच होता. "तुमचा पहिला ड्रम निघेल तो माझा," म्हणाले, आणि पैसे आगाऊ पाठवले. आप्पांना आम्ही कधी खोटं सांगितलं नव्हतं : स्टार्चची साखर होऊन ती सांडपाण्यातच जाते, बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाल्ला जाईल त्याचं माप, काही नाहीसा होत नाही. ॲसिड टळतं, कापडाचा दम टिकतो, आमचं एन्झाइम ५०-५५ अंशांवर चालत असल्याने इंधन वाचतं. एवढंच सांगा, गिऱ्हाईक तुटत नाही.

पुढे आउटलेटचा स्वतंत्र नमुना झाला. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, आमचा आकडा आत होता. आदेश मागे घेतला गेला. टाकीवाला तोवर यंत्रं विकून गेला होता, त्याला कोणी विचारलं नाही. लघुउद्योजकांनो, जल अधिनियम १९७४ चं कलम २१ वाचून ठेवा : तुमच्या आउटलेटचा नमुना तुमच्यासमोर दोन भागांत करायचा असतो, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. आपल्या भागाची तपासणी मागून घ्या, लाजू नका.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. आता संत्र्याच्या सालीवर पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) घेतोय, कापूस उकळायला कॉस्टिक कमी लागावं म्हणून. ज्यांना शंका आहे त्यांनी युनिटवर यावं. बाटली स्वतःची आणा आणि टाकीतून, आउटलेटमधून, नाल्यातून, हवी तिथून भरून न्या.