एक्स.२५ ची जुनी लाईन आयपीवर आणली, त्याचा माझा अनुभव

आमच्या महापेच्या ऑफिसात सर्व्हर रूमच्या शेवटच्या रॅकमध्ये एक जुना युनिक्स होस्ट आहे. डेपोचा माल, चलनं, डिस्पॅच सगळं त्याच्यावर चालतं आणि नाशिकचा डेपो या पावसाळ्यापर्यंत त्याला एक्स.२५ या जुन्या पॅकेट नेटवर्कच्या पद्धतीनेच जोडलेला होता. मग लाईन देणाऱ्यांचं पत्र आलं की ६४ केबीपीएसची ही लीज लाईन बंद होणार, तीन महिन्यांची मुदत. नवीन सॉफ्टवेअर यायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे, त्यामुळे तोपर्यंत होस्टला पण हात लावायचा नाही आणि डेपोतल्या पॅडला (टर्मिनल-प्रिंटर जोडायचा डबा) पण नाही, फक्त मधली लाईन काढून तिथे आयपी घालायचं, असं काम माझ्याकडे आलं. राउटिंग, फायरवॉल, व्हीपीएन हे मी रोज करते, पण एक्स.२५ कॉलेजात एका चॅप्टरपुरतं वाचलेलं, हाताने कधी केलेलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक्स.२५ चं पहिलं स्टँडर्ड १९७६ चं, तेव्हाच्या सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय टेलिकॉम समितीने काढलेलं. लाईनी खराब असायच्या म्हणून प्रत्येक टप्प्यावर फ्रेम तपासायची, पोच द्यायची, चुकली तर परत मागवायची, हे खालचा थर करतो, त्याला एलएपीबी म्हणतात. वरचा थर फोनसारखा आहे, आधी नंबर लावायचा, समोरच्याने कॉल घेतला की व्हर्च्युअल सर्किट उभं राहतं, मग डेटा, मग कॉल क्लिअर. पॅड म्हणजे ज्याला टर्मिनल आणि प्रिंटर जोडलेले असतात तो डबा, टाईप केलेलं पॅकेटात भरून पाठवतो आणि आलेलं उघडून दाखवतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरसंचार खात्याचं आय-नेट होतं ते पण एक्स.२५ वरच, आणि आमचा होस्ट सुरुवातीला त्यावर होता. हे लक्षात ठेवा, पुढे याच एका गोष्टीवर माझा अख्खा रविवार गेला.

जुनं आणि नवं जोडायचा रस्ता आधीच तयार आहे, त्याला एक्सओटी म्हणतात, म्हणजे एक्स.२५ टीसीपीवरून. त्याचा कागद आरएफसी १६१३, साल १९९४, आणि टीसीपी पोर्टचा नंबर १९९८. दोन्ही टोकांना सिरियल पोर्टवाला राउटर ठेवायचा, एलएपीबी त्या राउटरपाशीच संपतो कारण पुढची खात्री टीसीपी देतो, आणि एक्स.२५ चं पॅकेट तसंच्या तसं ४ बाईटचं हेडर लावून टीसीपीतून पाठवलं जातं, २ बाईट व्हर्जन आणि २ बाईट लांबी, बस. यात पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, म्हणून उघड्या इंटरनेटवर हे अजिबात टाकू नका, मी आयपीसेकच्या एन्क्रिप्टेड बोगद्यातून नेलं. सिस्कोच्या २६०० सिरीजचे दोन जुने राउटर आमच्याच स्टोअरमध्ये होते. सिरियल पोर्टच्या व्ही.३५ केबल मात्र नव्हत्या, त्यासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरले तेव्हा दोन मिळाल्या.

आणि ऑफिसात एक काका आहेत, रिटायर व्हायला पाच महिने राहिलेले, हा होस्ट बसवला तेव्हापासून तेच सांभाळतायत. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची लांब वही आहे, त्यात प्रत्येक बदल तारखेसकट पेनाने लिहिलेला. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "वही घेऊन जा, आधी वाच, मग वायर लाव." मी त्यातले नंबर उतरवून घेतले आणि वही परत दिली, पूर्ण वाचली नाही. घाई होती हे खरं आहे, पण पुढच्या तीन आठवड्यांतला अर्धा वेळ या एका चुकीमुळे गेला.

नाशिकचा राउटर आधी बसवला. शनिवारी रात्री खोपटहून एसटीने गेले, रविवारी डेपो बंद असतो तेव्हा पॅड राउटरला लावला, पॅड डीटीई (ग्राहकाच्या बाजूचं यंत्र) म्हणून राउटर डीसीई (नेटवर्कच्या बाजूचं) केला, क्लॉक, म्हणजे बिट पाठवायचा ताल, ६४००० दिला आणि पाच मिनिटांत लिंक वर आली. मला वाटलं महापेची बाजू पण अशीच होईल.

पुढच्या रविवारी ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक, पाऊस धो धो, विटाव्याच्या पुलाखाली पाणी, रिक्षावाले तयार होत नव्हते, कशीबशी साडेअकराला पोचले. जुना मॉडेम काढला, होस्टची केबल राउटरला लावली. आधी होस्टला क्लॉक मॉडेम द्यायचा, आता मॉडेम नाही म्हणजे क्लॉक राउटरने द्यायचा, म्हणून डीसीई बाजूची केबल लावली आणि कॉन्फिगरेशनमध्ये पण एक्स.२५ डीसीई लिहिलं. इंटरफेस अप, लाईन प्रोटोकॉल डाऊन. एलएपीबीची स्टेट बघितली तर एसएबीएम-सेंट वर अडकलेली, म्हणजे आपला राउटर "चला सुरू करूया" म्हणून एसएबीएम पाठवतोय आणि समोरून यूए, म्हणजे होकार, येतच नाही. केबल बदलली, दुसरा पोर्ट घेतला, क्लॉक कमी करून बघितला, टायमर वाढवले, चार वाजले तरी तेच. राउटरवर सिरियल कंट्रोलरची माहिती काढली तर ती केबल नीट असल्याचं सांगत होती. शेवटी काकांना घरी फोन केला. ते एकच वाक्य बोलले, "अगं, होस्ट कोण आहे ते बघितलंस का?"

वही त्यांच्या कपाटात होती, चावी सिक्युरिटीकडे, ती उघडून बघितली तर मधल्या एका पानावर तीन ओळी: आय-नेट सोडलं. लाईन थेट. होस्ट आता डीसीई.

इथे नीट थांबून सांगते कारण यात भरपूर लोक अडकत असणार. डीसीई हा शब्द दोन जागी दोन अर्थांनी येतो. एक वायरच्या पातळीवर, म्हणजे क्लॉक कोण देतो. दुसरा प्रोटोकॉलच्या पातळीवर, म्हणजे नेटवर्कची भूमिका कोणाची. या दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आय-नेट असताना नेटवर्क डीसीई आणि आमचा होस्ट डीटीई. ते सोडून महापे ते नाशिक थेट लाईन घेतली तेव्हा मध्ये नेटवर्कच उरलं नाही, मग दोघांपैकी एकाला नेटवर्क व्हावं लागतं, आणि पॅड बदलता येत नव्हता म्हणून काकांनी होस्टलाच डीसीई केलं. एलएपीबीच्या फ्रेममध्ये पत्ता दोनच प्रकारचा असतो, ०१ किंवा ०३, आणि फ्रेम हुकूम आहे की उत्तर ते त्यावरूनच ओळखतात. दोन्हीकडे डीसीई असेल तर दोघं एकाच पत्त्याने हुकूम सोडतात, दोघांनाही तो आपल्यासाठीचा हुकूम वाटत नाही आणि उत्तर कोणीच देत नाही. उपाय एका शब्दाचा. केबल डीसीईचीच ठेवली, क्लॉक राउटरचाच, फक्त कॉन्फिगरेशनच्या एक्स.२५ वाल्या ओळीत डीसीईच्या जागी डीटीई. एलएपीबी लगेच कनेक्ट, वरचा थर आर१ ला, म्हणजे तयार स्थितीत, आला.

सोमवारी सुट्टीचा दिवस होता, काका स्वतः आले आणि आम्ही दोघांनी वही पहिल्या पानापासून वाचली. तरी पहिला कॉल आपटलाच. डेपोत एक माणूस बसवला होता, त्याने टर्मिनलवरून होस्टचा नंबर लावला की कॉल क्लिअर व्हायचा, डायग्नॉस्टिक ३६, म्हणजे असं लॉजिकल चॅनल (एकाच लाईनवर प्रत्येक कॉलला मिळणारा नंबर) इथे नेमलेलंच नाही. कारण मजबूत आहे. नवा कॉल लावताना डीटीई वरच्या नंबरचं रिकामं चॅनल उचलतो आणि डीसीई खालच्या, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. आता होस्टसमोर माझा राउटर डीटीई झालेला आणि त्याची वरची मर्यादा डिफॉल्टने १०२४, म्हणून त्याने कॉल १०२४ वर टाकला. होस्टला फक्त १ ते १६ माहीत. वहीत ते लिहिलेलं होतं आणि मी उतरवलं पण होतं, पण तो आकडा "जास्तीत जास्त किती सेशन" असा समजले होते. वरची मर्यादा १६ केली, इंटरफेस बंद करून परत चालू केला आणि नाशिकच्या स्क्रीनवर मेन्यू आला. फोनवरून तो माणूस म्हणाला, "आला बघा मॅडम," तर काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

मेन्यू यायचा पण मोठा रिपोर्ट मागवला की सर्किट रीसेट, डायग्नॉस्टिक ३९, पॅकेट फार लांब. होस्ट २५६ बाईटची पॅकेटं पाठवतो आणि महापेच्या राउटरवर मी साईझ लिहिलीच नव्हती, म्हणून तो डिफॉल्ट १२८ धरून बसलेला. मेन्यूच्या ओळी छोट्या म्हणून सुटत होत्या. दोन्ही राउटरवर येणारी-जाणारी साईझ २५६ आणि विंडो २ अशी वहीप्रमाणे बांधली.

विंडो वाढवावी का यावर आम्ही बराच वेळ बोललो. विंडो २ म्हणजे दोन पॅकेटं, ५१२ बाईट, गेली की पोच येईपर्यंत थांबायचं, आणि आमच्या मांडणीत ती पोच पार दुसऱ्या टोकाहून येते. संध्याकाळी नाशिकचा राउंड ट्रिप ९० मिलिसेकंद मिळत होता, म्हणजे सेकंदाला साधारण ५.७ केबी, जुनी लाईन ८ केबी देऊ शकायची. ४०० केबीचा रिपोर्ट कागदावर ५० सेकंदांऐवजी ७० सेकंद घेणार. ७ केली तर हा अडथळा राहत नाही, पण त्यासाठी होस्टवरचा पॅरामीटर बदलून तो रीस्टार्ट करावा लागतो, आणि इतकी वर्षं न अडखळता चाललेल्या मशीनला २० सेकंदांसाठी रीस्टार्ट करणं मला पटलं नाही. अजूनही पटत नाही.

राहिला प्रिंटर. रात्री दोन वाजता होस्ट स्वतः डेपोच्या प्रिंटरला कॉल लावतो आणि सकाळची चलनं छापतो, आणि मंगळवारी सकाळी डेपोतून फोन की एक पण चलन नाही, गाड्या उभ्या आहेत. लॉगमध्ये कॉज १३, डायग्नॉस्टिक ६७, पत्ता चुकीचा. प्रिंटरला कॉल करताना होस्ट पॅडच्या नंबरापुढे दोन आकडे जास्त लावतो, कोणत्या पोर्टला जायचं ते सांगायला, आणि मी राऊट लिहिताना नंबराच्या शेवटी डॉलरचं चिन्ह टाकून तो तिथेच बंद केला होता. डॉलर काढला. तरी बुधवारी पण चलन नाही! यावेळी राऊट बरोबर लागत होता पण टीसीपीच जुळत नव्हता. एक्सओटीत प्रत्येक व्हर्च्युअल सर्किटला स्वतंत्र टीसीपी कनेक्शन असतं आणि ते कॉल लावणाऱ्या बाजूकडून उघडलं जातं. टर्मिनलचे कॉल नाशिकहून महापेकडे येतात म्हणून फायरवॉलवर मी १९९८ पोर्ट त्याच दिशेने मागितला होता, प्रिंटरचा कॉल उलटा जातो. दोन्ही दिशांचा रूल करून घेतला आणि त्या रात्री मी आणि काका दोघं ऑफिसातच थांबलो. दोन वाजून काही सेकंदांनी राउटरवर नवं सर्किट दिसलं, बाईट वाढायला लागले, काकांनी डेपोच्या वॉचमनला फोन लावला आणि स्पीकरवर प्रिंटरची करकर ऐकू आली.

जुनी लाईन मुदतीच्या नऊ दिवस आधी सोडली. काकांनी वहीत नवीन पान घेतलं, मी आकडे सांगितले, त्यांनी लिहिले, आणि होस्टसमोर वायरचा डीसीई राउटर आणि प्रोटोकॉलचा डीसीई होस्ट हे मी लाल पेनाने वेगळ्या दोन ओळींत लिहायला लावलं. आता पुढच्या महिन्यात कोल्हापूरचा डेपो आहे, त्याचीही लाईन जाणार. राउटर आहे पण व्ही.३५ ची डीसीई केबल, ६० पिनवाली, एक कमी पडतेय आणि लॅमिंग्टन रोडला आता मिळत नाहीये. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणाच्या ऑफिसच्या भंगारात पडलेली दिसली तर फेकू नका, मला सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.