व्हॅक्सिन डेपो मैदानावरची सकाळ

आज सकाळी भाचीला क्रिकेटच्या सरावासाठी बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सोडायला गेलो होतो. पंधरा-सोळा मुलांत ती एकटीच मुलगी. सीमेजवळून तिने शिवण उसवलेला चेंडू फेकला, तो थेट यष्टीवर आदळला आणि मला भारतीय महिला संघातली दीप्ती शर्मा आठवली. आग्र्यात भावासोबत मैदानावर गेलेल्या त्या मुलीची अशीच एक फेक माजी क्रिकेटपटू हेमलता काला यांच्या नजरेत भरली होती. डावखुरी फलंदाजी आणि उजव्या हाताने ऑफस्पिन करणाऱ्या दीप्तीने २०१७ मध्ये आयर्लंडविरुद्ध १८८ धावा काढताना पूनम राऊतसोबत ३२० धावांची सलामी दिली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर कुणाला त्याचा पत्ताही नव्हता (मलाही नव्हता, हे कबूल करतो). २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मात्र तिने ५८ धावा काढून ३९ धावांत पाच बळी घेतले, आणि स्पर्धेत २१५ धावा व २२ बळी मिळवून ती सर्वोत्तम खेळाडू ठरली, त्या रात्री तोच कट्टा जागा होता.

परतताना भाचीने विचारले, "मामा, आधी बॅटिंग पक्की करू की बॉलिंग?" मला उत्तर सुचले नाही.