आवाज आला काय?

संगणकाच्या दुखण्यांमध्ये आवाजाचं दुखणं सगळ्यात आतल्या गाठीचं. डिस्प्ले कार्ड गेलं तर जुनं यंत्र एक लांब आणि दोन आखूड बीप देऊन गाऱ्हाणं मांडतं; अवॉर्ड कंपनीच्या बायोसची (यंत्र सुरू होताना सगळं तपासणाऱ्या प्रोग्रामची) निदान तशी रीत होती. की-बोर्ड निघाला तर पडद्यावर लिहून येतं. हार्डडिस्क जाताना बहुधा कटकट करून जाते. आवाज मात्र निमूट जातो. स्पीकरची पिन सैल असो, कुणी म्यूटवर टिचकी मारलेली असो, ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारा प्रोग्राम) नसो, ड्रायव्हर असून भलत्याच कार्डाचा असो, नाहीतर स्पीकरचा अडॅप्टरच जळालेला असो, कानाला सगळं एकच ऐकू येतं. म्हणजे काहीच नाही. मला हे दुखणं आवडतं. यात बसून विचार करावा लागतो आणि घाई करणारा हमखास फसतो.

सांगलीत गावभागात आमच्या अण्णांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीच्या अडत्यांची पावतीपुस्तकं असला व्याप. तिथल्या टेबलावर अजून विंडोज ९८ चालतं. ऐकणारा हसतो, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. त्यांचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर जुनं, आणि त्याचं कुलूप, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालतच नाही अशी छोटी डबी, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टाला लावायचं. आजच्या संगणकांना तो पोर्ट सहसा नसतोच. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "थोरल्याच्या लग्नात छापलेली तशीच पत्रिका पाहिजे," तेव्हा ती फाइल उघडणारं सबंध छापखान्यात हे एकच यंत्र. ते जगवण्यात हौस थोडी, हिशेब जास्त.

२०१९ च्या पुरात अण्णांनी संगणक माडीवर नेला आणि तो वाचला. खालच्या खणातल्या सीड्या राहिल्या खाली. त्यांतच साउंड कार्डाच्या ड्रायव्हरची सीडी होती. तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही, कारण ड्रायव्हर आधीच आत बसलेला होता. पुढं हार्डडिस्क बदलायची वेळ आली, विंडोज नव्यानं टाकलं गेलं, फॉन्ट आले, कुलूप ओळखलं गेलं आणि आवाज तेवढा आला नाही.

"अण्णा, पत्रिका जुळवायला आवाज कशाला लागतोय?" मी विचारलं.

"मग दिवसभर नुसतं 'श्री गजानन प्रसन्न' बघत बसू काय? बघ की जरा."

त्यांना काम करताना नाट्यसंगीत लागतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावच्या माणसाला हे कारण सांगावंही लागत नाही. रेडिओ आहे शेजारी, पण जुना काचेचा मॉनिटर चालू केला की १२५१ किलोहर्ट्झवरच्या सांगली आकाशवाणीत घरघर शिरते. मीडियम वेव्हला त्या मॉनिटरचं वावडंच. तेव्हा सीडी, आणि सीडीसाठी साउंड कार्ड.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली यंत्राच्या भागांची यादी, उघडला. 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळं प्रश्नचिन्ह, पुढं 'पीसीआय मल्टिमीडिया ऑडिओ डिव्हाइस'. याचा अर्थ सरळ आहे: विंडोजला कार्ड दिसतंय, ते कुणाचं हे कळत नाही. इथंच बरेच लोक वाट चुकतात. ते खोक्यावरचं नाव शोधतात. खोक्यावर काय, कुणीही काहीही छापायचं. 'थ्रीडी', 'सराउंड', 'डिजिटल', सोबत एखादं विमान. एकाच चिपची कार्डं कितीतरी नावांनी विकली जायची, आणि कधीकधी एकाच नावाखाली पुढच्या खेपेला चिपच बदललेली असायची. खोक्यावरचं नाव म्हणजे घरावरची पाटी. मालकी बघायची तर सातबाराच काढावा लागतो. हा सातबारा दोन ठिकाणी मिळतो. एक, चिपच्या पाठीवर, भिंगाखाली, बॅटरी तिरकी धरून. दोन, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, 'ईनम'खालच्या 'पीसीआय' शाखेत. तिथं बनवणाऱ्या कंपनीचा चार अक्षरी क्रमांक असतो आणि त्याला जोडून त्या चिपचा. रिअलटेकचा १०ईसी, इंटेलचा ८०८६ (हा आकडा त्यांनी हौसेनंच घेतला असणार), क्रिएटिव्हचा ११०२. अण्णांच्या कार्डाचा निघाला १३एफ६, पुढं ०१११. म्हणजे सी-मीडियाची ८७३८ चिप. स्वस्त कार्डांमध्ये ही सर्रास सापडे, त्यामुळं तिचे ड्रायव्हर अजून मिळतात.

मिळतात, पण त्या यंत्रापर्यंत न्यायचे कसे? विंडोज ९८ मधल्या ब्राउझरला आजची सुरक्षित संकेतस्थळं उघडता येत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर विंडोज ९८ त्याचाच ड्रायव्हर मागतं. फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं, ड्रायव्हर त्याहून मोठा. उरली सीडी. घरच्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नाही. मग एका फोटो स्टुडिओवाल्याला गाठलं. लग्नाच्या शूटिंगच्या सीड्या करून देणारा तो माणूस, कोरी सीडी त्याच्याकडं शिल्लक होती. त्यानं तिच्यावर ड्रायव्हर उतरवून दिला आणि पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, "रायटर अजून चालतोय हे बघून मलाच बरं वाटलं."

ड्रायव्हर टाकण्याआधी मी त्यातली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघतो. ही सवय प्रत्येकानं लावून घ्यावी असं माझं मत आहे. ती साधी मजकुराची फाइल असते. हा ड्रायव्हर कोणकोणत्या क्रमांकांना ओळखतो, कोणत्या फाइली कुठं नेऊन ठेवतो, सगळं त्यात लिहिलेलं. आपला क्रमांक तिथं दिसला तर पुढं जायचं, नसला तर 'सेटअप'वर कितीही टिचक्या मारल्या तरी उपयोग नाही. मधे विंडोज आपली मूळ सीडी मागतं. हे आधीच ओळखून त्या सीडीतल्या सीएबी (विंडोजचे भाग दाबून भरलेल्या) फाइलींचा सगळा फोल्डर हार्डडिस्कवर उतरवून ठेवायचा, हा तेव्हाच्या दुरुस्तीवाल्यांचा शिरस्ता होता. अण्णांकडं नवी डिस्क टाकणाऱ्या पोरानं तो पाळलेला, त्याला शाबासकी.

अण्णांना दुसऱ्या एकानं सांगून ठेवलं होतं, की प्रिंटरच्या पोर्टावरचं कुलूपच आवाज अडवतंय, ते काढा. ही भीती हवेतून आलेली नाही. आयएसए या जुन्या खाचेतल्या कार्डांच्या काळात ती खरी असू शकायची. संगणकात सोळा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचे क्रमांक, शून्य ते पंधरा. घड्याळाला शून्य, की-बोर्डला एक, हार्डडिस्कला चौदा, असे बरेचसे आधीच वाटून गेलेले. पहिल्या प्रिंटर पोर्टाला सात. साउंड ब्लास्टर बहुधा पाचवर किंवा सातवर बसायचं, आणि सातवर बसलं की प्रिंटरशी वाद. त्या पिढीतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो 'दोनशेवीस, पाच, एक' म्हणेल: पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए (थेट मेमरीत जायची वाट) १. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलीत 'सेट ब्लास्टर' लिहून हे आकडे मांडायचे, आणि काही कार्डांवर तर जम्परची इवलीशी टोपी चिमट्यानं हलवायची. अण्णांच्या कार्डासारख्या, पीसीआय या नंतरच्या खाचेतल्या कार्डांना या वाटणीची कटकट नाही. बायोस त्यांना मोकळा क्रमांक देतं, आणि दोन कार्डं एकच क्रमांक वाटूनही घेऊ शकतात. कुलूप होतं तिथंच राहू दिलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. घड्याळाशेजारी पिवळा स्पीकर उमटला आणि विंडोजची सुरुवातीची धून वाजली. (विंडोज ९५ ची धून ब्रायन इनो यांची. ती आपण मॅकवर केली, असं त्यांनी पुढं सांगून टाकलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं.) अण्णांनी लगेच सीडी सरकवली. प्लेअरचे सेकंद पळायला लागले. गाणं नाही.

"आवाज आला काय?" आतून काकूंनी विचारलं.

"सेकंद आलेत," अण्णा म्हणाले.

या टप्प्यावर नवखा माणूस ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो. पण धून वाजली म्हणजे ड्रायव्हर, कार्ड, पिन, स्पीकर ही सगळी साखळी निर्दोष सुटली. उरली सीडी आणि कार्ड यांच्यामधली वाट. जुन्या सीडी ड्राइव्हच्या तोंडाशी हेडफोनचं एक भोक असायचं. त्यात हेडफोन लावून अण्णांच्या कानावर दिला आणि त्यांची मान डोलायला लागली. ड्राइव्ह गात होता. गाणं कार्डापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच.

कारण तेव्हाच्या रचनेत गाण्याची सीडी वाजवण्याचं काम ड्राइव्ह स्वतःच करायचा. संगणक फक्त 'लाव', 'थांब', 'पुढचं' म्हणणार. ड्राइव्ह आपल्या पोटातच आकड्यांचा आवाज करणार आणि चार पिनांच्या बारीक वायरीतून तो कार्डाकडं पाठवणार. ड्रायव्हरला त्या गाण्याचा पत्ताही नसायचा. डिस्क बदलताना ती वायर निघाली आणि लावायची राहिली, कारण तिच्यावाचून संगणक सुरू होतो, फाइली वाचतो, विंडोजसुद्धा टाकून देतो. कंट्रोल पॅनेलच्या मल्टिमीडियात 'डिजिटल सीडी ऑडिओ' अशी एक खूण करून वायरीवाचूनही भागवता येतं, मात्र त्याला डब्ल्यूडीएम या नव्या धाटणीचा ड्रायव्हर लागतो आणि ड्राइव्हचीही तयारी लागते. माझं मत वायरीच्या बाजूचं. वायर डोळ्यांना दिसते. भंगारात निघालेल्या एका संगणकातून ती मिळाली आणि छापखान्यात पहिल्यांदा पेटी वाजली, मग तबला.

आता अण्णांची भूक वाढली आहे. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळच्या घरगुती बैठकींच्या कॅसेटी आहेत. मिरजेत बनलेला तानपुरा, गाणारे शेजारीपाजारीच. त्या संगणकात उतरवायच्या आहेत. कार्डाची भोकं सगळी काळी. गुलाबी, पोपटी, निळी अशी रंगांची शिस्त १९९९ च्या सुमाराची, आमचं कार्ड तिला जुमानत नाही; तेव्हा कोरलेली चिन्हं बॅटरीच्या उजेडात वाचून 'लाइन इन' शोधलं. टेपरेकॉर्डरची वायर माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, कारण ते भोक फार बारीक आवाज मोठा करण्यासाठी असतं. मग रेकॉर्डिंगच्या खिडकीत माइकवरची खूण काढून लाइन इनवर केली; वाजवण्याचे आणि टिपण्याचे दट्टे वेगवेगळे असतात, हेही पुष्कळांना माहीत नसतं. सीडीच्या दर्जाचा आवाज घ्यायचा तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी सोळा बिट, डावा-उजवा मिळून मिनिटाला दहा एमबीच्या वर. साठ मिनिटांच्या कॅसेटीला सहाशेपेक्षा जास्त. त्याला डिस्कवर जागा आहे. अडचण विंडोजच्या साउंड रेकॉर्डरची आहे. तो साठ सेकंद झाले की आपणहून थांबतो.

"एका मिनिटात?" अण्णा म्हणाले. "अरे, एका मिनिटात तानपुरासुद्धा लागत नाही."

दुसरा रेकॉर्डर शोधतोय. विंडोज ९८ वर चालणारा आणि सीडीत मावणारा पाहिजे. स्टुडिओवाल्याला आणखी एक कोरी सीडी बाजूला काढून ठेवायला सांगितलीय.