आमची वाटचाल: माल पुन्हा हलू लागला

बेळगावच्या टिळकवाडीत 2010 साली कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, तेव्हा असेंबल पीसीला चांगली मागणी होती. माल कधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, कधी बेंगळूरच्या एसपी रोडवरून यायचा. जिथे भाव बरा, तिथून मागवायचा. सीमाभागात धंदा करण्याचा हा मोठाच फायदा. पुढच्याच वर्षी थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि हार्ड डिस्कचे भाव भडकले. दिलेली कोटेशनं बदलावी लागली.

खरी ओढाताण मात्र कोविडनंतर झाली. 2021 मध्ये जगभरात सुमारे 35 कोटी पीसी बाजारात गेले, 2023 मध्ये जेमतेम 26 कोटी. घरोघरी लॅपटॉप घेऊन झाले होते. मेमरी चिप इतक्या पडून राहिल्या की सॅमसंगलाही उत्पादन कमी करावं लागलं. भाव उतरलेले, पण गिऱ्हाईकच नाही. त्या काळात खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या जुन्या मशिनांत हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाकून देण्यावर आमचं दुकान तगलं.

2024 पासून हालचाल जाणवू लागली. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही जुन्या मशिनांत सहसा नसणारी सुरक्षेची सोय लागणार, हे कळल्यावर उद्यमबागेतले कारखानदार आधी आले. त्यांची अडचण वेगळीच. जुन्या सीएनसीला, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या कटाईच्या यंत्राला, प्रोग्राम पाठवायला अजून सिरियल पोर्ट लागतो आणि नव्या बोर्डाच्या मागे तो सहसा नसतो. पण बऱ्याच बोर्डांवर आत नऊ पिनांचा कॉम हेडर, म्हणजे सिरियल पोर्ट जोडायची जागा, असते. त्याला केबल जोडून पोर्टची पट्टी मागच्या पत्र्यात बसवायची. या केबलची जोडणी दोन प्रकारची असते. दिसायला सारखीच, पण बोर्डाशी जुळली नाही तर प्रोग्राम जातच नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक केबल मीटरवर तपासूनच बसते. ही कामं आम्हाला मनापासून आवडतात, कारण तिथे आमच्या अनुभवाला किंमत मिळते. बाजार सावरला हे मी विक्रीच्या आकड्यांवरून नाही, ॲडव्हान्सवरून ओळखतो. लोक पुन्हा ॲडव्हान्स देऊन ऑर्डर टाकू लागलेत.

चिप कंपन्यांचे दिवस तर आमच्याहून लवकर पालटले. एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीकडे त्यांनी कारखाने वळवले, तसा आमच्यासारख्यांना लागणाऱ्या रॅमचा तुटवडा झाला. 2025 संपता संपता डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबरात मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा रॅम-एसएसडीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं आम्ही डोळे मिटून वापरलेला माल तो!

त्यामुळे सध्या कोटेशनमध्ये रॅम वेगळ्या ओळीत लिहितो आणि तो भाव त्या दिवसापुरताच धरतो. मराठी-कन्नड टायपिंग आणि हिशेबासाठी मशीन हवं असेल, तर 8 जीबीची एकच पट्टी टाकून दुसरा स्लॉट मोकळा ठेवा, असं स्पष्ट सांगतो. भाव उतरले की दुसरी पट्टी बसवून देऊ, मजुरी न घेता.