गोव्यातली रुग्णालय प्रशासकांची परिषद: मोठं सभागृह सोडा, तळमजल्यावरची खोली धरा

माहितीपत्रकावर ‘कॅशलेस क्लेम: अडचणी आणि उपाय’ असं ठळक छापलं होतं. आमच्यासारख्या पन्नास खाटांच्या रुग्णालयांतून आलेले बरेच जण त्या एका सत्रासाठीच दक्षिण गोव्यापर्यंत आले होते. ते सत्र म्हणजे एका सॉफ्टवेअरची जाहिरात निघाली. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना हे आधीच माहीत असावं, म्हणून लिहितोय.

कॅशलेस म्हणजे रुग्णाचं बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला भरायचं. हा विषय किती निकडीचा आहे ते बिलिंग काउंटरवर उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसच्या प्री-ऑथला, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीला, १ तास आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला ३ तास अशी मुदत घालून दिली. त्यापुढे उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचा, हेही त्यात स्पष्ट आहे. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात काय होतं ते लातूरकडच्या एका मॅडमनी उभं राहून विचारलं: “पावणेतीन तास झाले की विमा कंपनीची क्वेरी येते. तिचं उत्तर दिलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून धरायचं का? नातेवाईक तर आमच्याच अंगावर येतात.” सभागृहात टाळ्या पडल्या. वक्त्यांनी उत्तर दिलं, “आमच्या स्टॉलवर या, डेमो दाखवतो.” तोवर पाऊण तासातला अर्ध्याहून जास्त वेळ डॅशबोर्डचे रंगीत गोल पाहण्यात गेला होता. डिडक्शन म्हणजे क्लेममधून कापली जाणारी रक्कम, पॅकेजच्या दरावरचे वाद, जुनी थकबाकी यांवर चकार शब्द नाही.

शिवाय याच विषयाची ‘सखोल कार्यशाळा’ वेगळे पैसे भरून होती: साडेतीन हजार, अधिक १८ टक्के जीएसटी. ती अजिबात घेऊ नका. तेच वक्ते, त्याच स्लाइड्स, फक्त खोली लहान. नोंदणी शुल्कात सगळी सत्रं धरली आहेत असंच माहितीपत्रक वाचून कुणालाही वाटेल. कार्यशाळेची तळटीप इतक्या बारीक अक्षरांत आहे की ती मुद्दाम शोधावी लागते. संस्थेच्या पैशातून जाणाऱ्यांनी मंजुरी घेतानाच हे अकाउंट्सला दाखवून ठेवा, नाहीतर परत आल्यावर बिल अडकतं.

खरं उत्तर जेवणाच्या रांगेत मिळालं, त्याच मॅडमकडून. त्यांच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या टेबलावर, साधी वही आहे: अंतिम बिल अपलोड केल्याची वेळ, क्वेरी आल्याची वेळ, उत्तर दिल्याची वेळ, मंजुरीची वेळ. उशीर झाला की त्या पानाची प्रत रुग्णाच्या हातात देतात आणि विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार कशी करायची ते समजावतात, कारण ती तक्रार पॉलिसीधारकाची असते, आपली नव्हे. संपूर्ण क्लेम सत्रापेक्षा ही वही मोलाची.

पहिला दिवस ठीक. उद्घाटन, सत्कार, जेवण उत्तम. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था, तिच्या मानकांच्या सहाव्या आवृत्तीचं सत्र बरं होतं. १०० मानकं आणि ६३९ निकष एका तासात कोण सांगणार? पण कोणते निकष बदलले याचा तक्ता त्यांनी दिला. तो घ्या आणि निघा.

आता तळमजला. ‘अग्निसुरक्षा आणि रुग्णांचं स्थलांतर’ हे सत्र दुपारच्या जेवणानंतर, सर्वात लहान खोलीत, वर चाललेल्या बड्या पाहुण्यांच्या परिसंवादाच्या वेळेलाच ठेवलं होतं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी ते घेतलं. सुरुवात भंडाऱ्याच्या आगीपासून केली: जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाचा नवजात कक्ष, १० बाळं गेली. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचा अतिदक्षता विभाग. खोलीत कुणी मोबाइलकडे पाहत नव्हतं.

नंतर त्यांनी आम्हाला उठवलं. जमिनीवर चादर पसरली, तिच्यावर एक धडधाकट ब्रदर (पुरुष परिचारक) झोपला, डोक्याकडची दोन टोकं पिळून मुठीत धरायला लावली आणि जिन्यापर्यंत ओढायला सांगितलं. मी ओढलं. सपाट फरशीवर एकट्याला जमतं, पहिल्या पायरीला दुसरा माणूस लागतोच. रात्रपाळीला एका मजल्यावर किती माणसं ठेवतो, याचा हिशेब माझ्या डोक्यात तिथेच सुरू झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात अग्निसुरक्षा कायद्याखाली ‘ब’ प्रमाणपत्र, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते म्हणाले, त्या दोन महिन्यांत एजन्सी नळकांडी तपासून जाते, पण मागच्या जिन्यातले जुने पलंग आणि फायलींचे गठ्ठे कुणी हलवत नाही. परत आल्यावर आधी आमचा मागचा जिना मोकळा करून घेतला. या एका सत्रासाठी मी पुन्हा जाईन, गोव्यालाच काय, कुठेही.

अभिप्रायाचा फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र डाउनलोड होत नाही. त्यात सभागृह, ध्वनिव्यवस्था, जेवण यांना तारे द्यायचे. सत्रातून काय मिळालं, याला रकानाच नाही. शेवटच्या ‘इतर’ चौकटीत सत्राचं नाव घालून स्पष्ट लिहा. मी लिहिलंय. सगळ्यांनी लिहिलं तरच अग्निसुरक्षेला मोठं सभागृह मिळेल.

प्रवासाचं: माहितीपत्रकात नुसतं ‘गोवा विमानतळ’ आहे. गोव्यात दोन विमानतळ आहेत. स्थळ दक्षिणेला असेल तर दाबोळीचंच तिकीट काढा. उत्तरेकडच्या मोपाला उतरलात तर मडगाव साठ किलोमीटरच्या वर पडतं, आणि रात्री टॅक्सीवाले सांगतील तो आकडा द्यावा लागतो. मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस आहेत, त्यांची शेवटची वेळ निघण्याआधी बघून ठेवा. रेल्वेने येणाऱ्यांना मडगाव सर्वात सोयीचं. परिषदेच्या हॉटेलातली ‘सवलतीची’ खोली घेऊ नका, मडगावात तिच्या निम्म्या भाड्यात स्वच्छ खोली मिळते.