वतन के लोगों म्हणजे कोण?

पंधरा ऑगस्टला सकाळी पावणेसातला आमच्या जेलरोडच्या सोसायटीत मंडपवाल्याचा पोरगा भोंगा बांधतो. आधी 'हॅलो, माइक चेक', मग कानात दडे बसवणारी शिट्टी आणि मग 'ऐ मेरे वतन के लोगों'. हा क्रम गेली कित्येक वर्षं बदललेला नाही. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये हळद, गणपती आणि देशभक्ती असे तीन फोल्डर आहेत (एकदा चुकून हळद लागली होती, त्याबद्दल पुन्हा कधीतरी). मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा असतो. बाहेर नाशिकचा भुरभुर पाऊस. सुरुवातीच्या त्या संथ, तालाशिवायच्या ओळी आल्या की खाली गाडी पुसणाऱ्याचा हातसुद्धा जरा सावकाश चालतो.

गाणं 27 जानेवारी 1963चं. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, समोर नेहरू, चीनचं युद्ध संपून जेमतेम दोन महिने झालेले. शब्द कवी प्रदीप यांचे, आवाज लताबाईंचा आणि चाल सी. रामचंद्रांची. हे रामचंद्र चितळकर पुणतांब्याचे, म्हणजे आमच्याच गोदावरीच्या काठचे. पाणी इथून खाली तिकडेच जातं. 'आना मेरी जान संडे के संडे' म्हणायला लावणाऱ्या माणसानं हीही चाल बांधली, याचं मला अजून नवल वाटतं. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट गाण्याइतकीच पाठ झाली आहे. दर वर्षी सूत्रसंचालन करणाऱ्या काकू ती सांगतातच.

त्या युद्धाशी नाशिकचं नातं तसं जवळचं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं, ते यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963मध्ये लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते नाशिकमधून. पुढच्याच वर्षी ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. आज सकाळी ओझरची बस पकडणाऱ्या निम्म्या लोकांची नोकरी त्या पराभवातून उगवली आहे, म्हटलं तरी चालेल.

गाणीही काही कमी झाली नाहीत. आपल्या तात्यासाहेबांनी, कुसुमाग्रजांनी, 'बर्फाचे तट पेटुनि उठले' लिहिलं. माडगूळकरांचं 'जिंकू किंवा मरू' तर आम्ही शाळेत मुठी आवळून म्हणायचो, घशाच्या शिरा फुगवून. ती गाणी उठा म्हणतात, लढा म्हणतात. प्रदीपांचं गाणं म्हणतं, जरा डोळ्यांत पाणी आणा. भोंग्यावर राहिलं ते हे रडवणारं. कवितेचा विचार केला तर मला तात्यासाहेबांची सरस वाटते, पण भोंगा माझं ऐकत नाही.

या गाण्यात मला एकच जागा खरी लागते. देशात दिवाळी होती तेव्हा ते होळी खेळत होते, ही. लहानपणी मला ती नुसती यमकाची सोय वाटायची. पुढे कधीतरी जुनं पंचांग चाळताना लक्षात आलं, 1962चं लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या अगदी अखेरीला होतं आणि चिनी हल्ला सुरू झाला 20 ऑक्टोबरला. म्हणजे ही उपमा नाहीच. इथे आजी अनरसे तळत होती, उटणं भिजत होतं, तेव्हा तिकडे बर्फात खरंच गोळ्या चालल्या होत्या. तेव्हापासून ती ओळ आली की मी कप खाली ठेवतो.

बी-विंगमधले सुभेदार काका मात्र हे गाणं लागलं की झेंड्याच्या दोरीशी खटपट करत बसतात. आयुष्य तोफखान्यात गेलं, तोफ शिकले देवळालीत. पाकळ्या गुंडाळून ती गाठ त्यांच्याशिवाय कुणाला बांधता येत नाही. एकदा सेक्रेटरींनी बांधली होती, तर ओढता ओढता शेवटी शिडी आणावी लागली. गेल्या वर्षी मी त्यांना विचारलं, "काका, हे ऐकलं की तिकडचे दिवस आठवत असतील ना?"

"छ्या. आम्ही कुठं ऐकायचो हे? संध्याकाळी विविध भारतीवर फौजींसाठी जयमाला लागायचं. पोरं फर्माइश पाठवायची ती 'आजा रे परदेसी'ची. हे आमच्यासाठी नाहीच रे, तुमच्यासाठी आहे. पहिल्या ओळीत पत्ता लिहिलाय की!"

वतन के लोगों. इतकी वर्षं मी हे गाणं सैनिकांचं समजत होतो आणि पाकिटावर नाव माझं होतं. सैनिकाला रडायला लावणारं गाणं कशाला हवं असेल? दुसऱ्या महायुद्धात बेलग्रेडच्या रेडिओवरून रात्री 'लिली मार्लिन' लागायचं. बराकीच्या फाटकापाशी दिव्याखाली भेटणाऱ्या मुलीचं जर्मन गाणं. आफ्रिकेच्या वाळवंटात ते जर्मन शिपाई ऐकायचे आणि पलीकडचे इंग्रजही. त्यांची जयमालाच ती. त्यात ना शौर्य, ना शत्रू. लढणाऱ्याला परदेसी लागतो, लिली लागते. घरात बसलेल्यांना, जिलेबीची वाट बघत का होईना, घटकाभर डोळे पुसायला काहीतरी लागतं.

यंदा काकांची गाठ पहिल्याच झटक्याला सुटली, पाकळ्या नेमक्या सेक्रेटरींच्या टकलावर. जन गण मन झालं, भाषण झालं (लांबलं). मग पोरग्यानं पुन्हा हेच गाणं लावलं आणि काकूंनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. एवढं सहा-साडेसहा मिनिटांचं गाणं, पोरांची चुळबुळ सुरू झालेली, जिलेबीच्या पातेल्यावरच्या वर्तमानपत्राला पाक सुटलेला. शेवटच्या 'जय हिंद'च्या जरा आधी भोंगा गप्प झाला.

कुणी हलेना. बसावं तर गाणं पुरं झालेलं नाही, उभं राहावं तर ऐकू काहीच येत नाही. पहिलीतली एक मुलगी काकांच्या बाहीला लोंबकळत म्हणाली, "आजोबा, संपलं?"

"नाही गं," काका म्हणाले, "लाइट गेलीय."