शिनाणे नको, सुरमई चालेल

फिलिपीन्सच्या सुरिगावला आमचं जहाज नांगरावर निकेलचं लाल खनिज भरत होतं. पाऊस आला की भरणं थांबतं, कारण ओलं खनिज हेलकाव्यात पातळ होऊन जहाज कलंडू शकतं. मी जहाजावरचा चीफ कुक. मुक्काम लांबला आणि माझ्या गॅलीतली, म्हणजे स्वयंपाकघरातली, मासळी संपली.

अशात सकाळी उलांडीची होडी बाजूला लागली. टोपलीत सुरमई, खेकडे, ताजा जवळा आणि हिरवेगार शिनाणे, म्हणजे शिंपले. मी रत्नागिरीचा, आमचे चीफ इंजिनिअर गोव्याचे. शिनाणे बघून ते खुद्द गँगवेपर्यंत आले. "आज सुकं होऊ दे!"

मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा, फिलिपीन्सच्याच समार बेटावरचा पोरगा. जहाजावरचे फिलिपिनो चीफ कुकला 'मायोर' म्हणतात. "मायोर, सुरमई आणि खेकडे घ्या. शिनाणे नको, जवळाही नको."

शिनाणे जिवंत होते, तोंडं घट्ट मिटलेली. वासही स्वच्छ. पण त्याचं बोट पाण्याकडे होतं. या किनाऱ्यावर 'रेड टाइड' वरचेवर येते. समुद्रातलं एक सूक्ष्म शेवाळ माजतं, शिनाणे पाणी गाळून तेच खातात आणि विष अंगात साठवतात. ओठ बधिर होतात, मग हातपाय आणि शेवटी श्वास. उकळून हे विष जात नाही, चिंच-व्हिनेगर घालूनही नाही. त्याच्या समारकडे १९८३ साली हे पहिल्यांदा झालं. फिलिपीन्सचं मत्स्यखातं सूचना काढतं, त्यात शिंपल्यांबरोबर जवळ्याचंही नाव असतं. आता शिंपल्यांचं पटलं, पण जवळा? तर मासा पोट काढून धुता येतो, खेकडाही साफ होतो. जवळा मात्र आतड्यासकट पोटात जातो. आमच्याकडे जवळ्याची चटणी करताना असा विचार कोण करतं!

या खाडीत त्या दिवशी बंदी होती की नाही, होडीवाल्याला सांगता येईना. मग मी दोन्ही परत केले. चीफसाहेब तणतणत खाली इंजिनरूममध्ये गेले.

दुपारी मेसमनने सुरमईचं किनिलाव केलं. पोट साफ करून, धुऊन कच्चेच तुकडे. त्यावर नारळाचं व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची आणि कालामान्सी लिंबू. आंबटात मांस पांढरं पडतं, चूल लागतच नाही.

चीफसाहेबांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "काय रे, शिजवलेले शिनाणे नकोत आणि कच्ची सुरमई चालते होय तुला?"

"वाढू अजून?"

"वाढ."